मंगळ्याच्या पाठीची माती

मंगळावर मी गेलेलो नाही. पण मंगळावरचं जनावर उभं कसं राहतं, त्याला घाम सुटला की वास कसला येतो आणि अंगावर मुंग्या चढल्या की ते कुठल्या शिव्या देतं, हे माझ्याइतकं ठाऊक असलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा मिळायचा नाही. कारण ते जनावर मी स्वतः बांधलं. सांगलीत, हळदीच्या वखारीत, बांबू, गोणपाट आणि सुतळीनं.

यंदाच्या या दिवाळी अंकात एक वकील आहेत, एक डॉक्टर आहेत, निवृत्त फौजदारसुद्धा आहेत असं कळलं. राक्षस बांधणारा कुणी नसेल, म्हणून मी लेखणी उचलली. वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी हातभर वाढवून सांगतो असं आमच्या घरची माणसं म्हणतात. ते साफ खोटं आहे. मी दोन हात वाढवून सांगतो. तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीप्रमाणे कापून घ्यावं. फक्त शेवटाकडे आलात की कात्री खाली ठेवा. तो भाग जसा घडला तसाच आहे.

माझा मूळ धंदा नाटकाचे पडदे रंगवण्याचा. राजवाडा, जंगल, रस्ता, एवढे पडदे असले की कंपनी कुठलंही नाटक काढायला मोकळी. जंगल रंगवायचं म्हणजे पानं काढत बसायचं नसतं. झाडूसारखा कुंचला घ्यायचा आणि हाणत सुटायचं. जवळून बघाल तर वाटेल, कुणीतरी शेणानं भिंत सारवली आहे. पाचव्या रांगेतून बघा, वाघाची डरकाळी ऐकू येईल. तासगावात माझा जंगलाचा पडदा बघून एक खरं माकड थिएटरात शिरलं होतं आणि दुसरा अंक संपेपर्यंत खाली उतरेना. आमच्या धंद्यातलं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं. बघणारा जिथं बसतो तिथून खरं दिसलं पाहिजे, बाकीच्या बाजू देवाच्या हवाली. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं याच वाक्यानं आम्हाला खड्ड्यात घातलं.

बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो. ज्या हातानं इंद्राचा दरबार रंगवला त्याच हातानं ‘येथे छत्र्या दुरुस्त होतील’ असं लिहीत होतो. अशात भास्करपंत आले.

भास्करपंत साताऱ्याचे. मुंबईच्या एका स्टुडिओत बरीच वर्षं काढून परतलेले. तिथं ते डायरेक्टरच्या मागं उभे असत. पण इतके जवळ उभे असत की आपणच डायरेक्टर आहोत असं त्यांना वाटू लागलं होतं. नुकतीच लढाई संपली होती. आमच्या भागातली पोरं बर्मापासून इटलीपर्यंत जाऊन काय काय बघून आली होती. त्यांना आता हनुमानाचं उड्डाण दाखवून भागायचं नाही, असं पंतांचं म्हणणं. त्यांची गोष्ट अशी होती की मंगळ ग्रहावरून अजस्र जनावरांची फौज माणदेशात उतरते, वाड्या-वस्त्या तुडवत निघते, आणि शेवटी एक गरीब शाळामास्तर जनावरांच्या राजाला एकटा लोळवतो.

पैसा घालणार होते नेमगोंडा आण्णा. सांगलीतले हळदीचे व्यापारी, जैन, मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस. त्यांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, “पंत, एवढी पृथ्वी पडलीया. ती जनावरं आटपाडीच्या माळालाच का उतरत्यात?”

“त्यांना तो आपलाच मुलूख वाटतो, आण्णा.”

आटपाडीचा माळ ज्यानं उन्हाळ्यात बघितलाय त्याला यावर बोलायला जागा नव्हती. आण्णा हो म्हणाले.

गोष्टीत फौज होती. बोलणी होईपर्यंत तिची चार जनावरं झाली. मी बांबू आणायला निघालो तेव्हा दोन उरली. त्यातलं एक पुरं आणि दुसऱ्याचा नुसता पाय. हा पाय कधी दारातून आत यायचा, कधी छप्पर फोडून. आमच्या सगळ्या नटमंडळींत त्या पायाइतकं काम कुणालाच नव्हतं, आणि त्याच्याइतकं चोख कुणी केलंही नाही.

पुऱ्या जनावराचं नाव पंतांनी ‘मंगळासुर’ ठेवलं होतं. माणसांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा मंगळ्या केला. सांगाडा बांबूचा. अंगावर लष्करी लिलावात मिळालेलं पॅराशूटचं कापड. डोळे लॉरीच्या दिव्यांचे. दात म्हणजे खिल्लार बैलांच्या शिंगांना बसवतात त्या पितळी शेंब्या. आणि नाक म्हणून विहिरीवरच्या मोटेची चामड्याची सोंड. ती हलली की शहरातला माणूस किंचाळावा आणि खेड्यातल्याला तहान लागावी. पॅराशूटचं कापड पुढच्या बाजूलाच पुरलं. मागून आण्णांच्या वखारीतली पोती शिवली. पोत्यांवर आण्णांच्या पेढीचा शिक्का होता, ठसठशीत, काळा, ‘हळद, सांगली’ असा. पंतांनी तो बघून कपाळाला आठी घातली.

मी म्हटलं, “पंत, पाठ कोण बघतंय? आपण त्याला पाठ फिरवूच द्यायची नाही.”

चित्रपट काळा-पांढरा. तिथं रंगाला किंमत नसते, चकाकीला असते. मंगळ्याची कातडी ओली, लिबलिबीत दिसावी म्हणून पंतांनी मुंबईहून कसलंसं महागडं तेल मागवायचं काढलं. मी म्हटलं, अहो, गुऱ्हाळं कशासाठी आहेत? काकवी आणली डबे भरून आणि मंगळ्याला न्हाऊ घातलं. उन्हात असा झळकला की कॅमेरामननं डोळ्यावर हात घेतला. मात्र आटपाडीच्या माळावर मेंढरं असतात हे मी विसरलो होतो. पहिल्याच दिवशी मंगळ्या डरकाळी फोडत टेकाडावरून उतरला आणि समोरून अख्खा कळप त्याच्या अंगावर धावून गेला. जगबुडी करायला आलेला राक्षस पुढं पळतोय आणि मागं शे-दोनशे मेंढरं त्याच्या टाचा चाटतायत. मेंढका सावलीत बसून आम्हालाच दम देत होता, “आवं, माझी मेंढरं गोडाला चटावली तर उद्या चाऱ्याला तोंड लावायची न्हाईत.”

आता मंगळ्याच्या आत कोण होतं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथं आहे.

आधी वखारीतले हमाल घालून बघितले. वजन पेललं, पण एकाच्या खांद्यावर दुसरा उभा करून चालवायचं म्हटल्यावर सगळा राक्षस हळदीत उताणा. हे काम पैलवानांचं, असं ठरलं. आटपाडीच्या बाजूच्या एका तालमीत बंडा आणि पिराजी ही जोडी होती. बंडा म्हणजे वाड्याचा दरवाजा. तो खाली उभा राहणार, सांगाडा पेलणार, हातपाय हलवणार. पिराजी हलका, चपळ. तो त्याच्या खांद्यावर उभा राहून डोकं आणि सोंड हलवणार. पण तालमीचे तात्या वस्ताद सोंग म्हटल्यावर उठूनच गेले. त्यांच्या तालमीतलं पोर नाटकात नाचलं असं आजवर झालं नव्हतं. पंतांनी हात जोडले. मी शपथेवर सांगितलं की आत कोण आहे ते आभाळातल्या देवालासुद्धा कळायचं नाही. तेव्हा तात्या म्हणाले, “कळायचं नसंल तर न्या. पर कळलं, तर पेंटर, तुला तालमीच्या हौद्यातल्या मातीत पुरीन.”

सगळ्या मुलखाला कळायला पहिला शॉट पुरेसा झाला.

कॅमेरा एका खड्ड्यात ठेवला होता. खालून वर बघितलं की उंदीरसुद्धा हत्ती दिसतो, हा स्वस्तातला मंत्र. कॅमेऱ्यापुढं मी दिवाळीच्या किल्ल्यासारखं मातीचं गाव केलं होतं. वीतभर घरं, काड्यापेटीएवढं देऊळ, आणि पेरलेल्या अळिवांची हिरवी शेतं. त्यामागं टेकाड, टेकाडाच्या कडेवर मंगळ्या. भिंगातून बघितलं की मंगळ्या गावावर आभाळाएवढा उभा. बघ्यांना आम्ही टेकाडामागच्या उतारावर बसवलं होतं. तिथून त्यांना मंगळ्याची पाठ दिसायची आणि कॅमेऱ्याला ते दिसायचे नाहीत. आसपासच्या वाड्यांतली माणसं भाकऱ्या बांधून आली होती. एकानं तर हलगीही आणली होती.

पंतांनी इशारा केला. मंगळ्या पुढं आला. कडेवर थांबला. वाकून चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की माझ्या मातीच्या देवळाचा कळस पडला.

उतारावरून आवाज उठला, “आरं, ह्यो तर बंडा!”

पंत खड्ड्यातून वर आले ते लालबुंद होऊन. मंगळावरची जनावरं शड्डू ठोकत नाहीत, असं त्यांनी बंडाला समजावून सांगितलं. मंगळ्याच्या पोटातून आवाज आला, “मग झुंजाय कशी उतरत्यात?”

यावर मुंबईत काही शिकवलं नव्हतं. पुन्हा शॉट घेणंही शक्य नव्हतं. त्या दिवसांत कच्ची फिल्म परवान्यावर मिळायची आणि पंत एकेक डबा तुपाच्या डब्यासारखा जपून उघडायचे. शड्डू चित्रपटात राहिला. नंतर नंतर तर मंगळ्या देवळं पाडायच्या आधीसुद्धा ठोकू लागला.

तात्यांनी मला हौद्यात पुरलं नाही. पोरांना लोक नावं ठेवत नव्हते, उलट ‘मंगळावर जोड न्हाई’ म्हणून कौतुक करत होते, म्हणून मी वाचलो. असा राक्षस बांधला गेला, चालला, गाजला. आणि मग त्याला मारायची वेळ आली.

आमचा शाळामास्तर, म्हणजे नायक, होता मास्टर अनंत. नाटक कंपनीत जन्मभर सुभद्रा-द्रौपदी केलेला. आवाज मधाचा, बांधा शेवग्याच्या शेंगेचा. जोराचा वारा असला की आम्ही त्याच्या खिशात दगड घालत असू. गोष्टीप्रमाणे त्यानं मंगळ्याच्या छातीला हात लावायचा, मंगळ्या झोकांड्या खात उताणा पडणार आणि गतप्राण होणार. फिल्मचा एकच डबा उरला होता. पंत त्याच्यावर खुडूक कोंबडीसारखे बसून होते. दुसऱ्या दिवशी जत्रेच्या कुस्त्या, पैलवान तिकडं जाणार. म्हणजे शेवट आजच, उन्हं उतरायच्या आत.

त्या दिवशी उतारावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी. पुढच्या ओळीत वडूजकडचा गणपा पैलवान बसलेला. डाव्या पायात फडात जिंकलेला चांदीचा तोडा, मांडीवर फेटा, तोंडावर हसू. दुसऱ्या दिवशी जत्रेत बंडाची जोड याच गणपाशी लागली होती. दोन्ही तालमींचं पिढीजात वैर. एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नसत.

पंतांनी बंडाला मरण समजावून सांगितलं. बंडा ऐकत राहिला आणि शांतपणे म्हणाला, “मरतो. पर पाठ टेकणार न्हाई.”

ज्यांनी कुस्तीचा फड बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पैलवान रक्तबंबाळ झाला, तोंडावर पडला, बेशुद्ध झाला, तरी हरत नाही. हरतो कधी, तर पाठ मातीला लागली की. चीत म्हणतात ते तेच. सगळ्या मुलखाला ठाऊक होतं की मंगळ्या म्हणजे बंडा. बंडाला एका गाणाऱ्यानं, लुगडं नेसून नाव काढलेल्यानं, हात लावून चीत केलं, ही बातमी दिवस मावळायच्या आत वडूजला पोचली असती आणि दुसऱ्या दिवशी जत्रेत पोरं टाळ्या पिटत मागं लागली असती. मग जन्मभर कुणी बरोबरीची जोड लावली नसती.

पिराजी वरून म्हणाला, “पालथं पडतो की. पालथ्याला हार न्हाई.”

पंतांनी माझ्याकडे बघितलं. मी मंगळ्याच्या पाठीकडे बघितलं. पालथा पडला असता तर मंगळ ग्रहाचा सम्राट पडद्यावर मरताना ‘हळद, सांगली’ दाखवत मेला असता. बघणारा बसतो तिथून खरं दिसलं पाहिजे, या माझ्या शास्त्रानं माझाच गळा धरला.

मग रिकामा मंगळ्या आडवा करून बघितला. तो मेलेला दिसेना, वाळत घातल्यासारखा दिसू लागला. आण्णा छत्री घेऊन बसले होते. ते म्हणाले, मारायचंच कशाला त्याला, लांबून आलाय, समजूत घालून परत पाठवावा. पंतांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तात्या वस्तादांनी काठी टेकत तोड काढली.

“बरोबरीत सोडा. दोगं हात मिळवतील, आपापल्या घरला जातील.”

“वस्ताद, तो पृथ्वी गिळायला आलाय. बरोबरीत कसा सुटेल?”

“मोठमोठ्या कुस्त्या सुटल्यात. पृथ्वीची तेवढी काय मिजास?”

पंत उठले. डब्यावर जाऊन बसले आणि पाठ फिरवली. मी त्यांना पावसात, तापात, उधारीत बघितलं होतं, पण अशी वाकलेली पाठ बघितली नव्हती. तो माणूस त्या एका चित्रपटासाठी मुंबई सोडून आला होता. आणि माझं काय? हा पडदा उघडला नाही, तर मी परत छत्र्यांच्या पाटीवर. माझ्या हाताखालून निघालेली सगळ्यात मोठी वस्तू हळदीच्या वखारीत उंदरांना जाणार होती.

सावल्या लांबल्या. बंडा सांगाड्याबाहेर बसून पंतांच्या पाठीकडे बघत होता. मग उठला, लंगोट आवळला आणि सांगाड्यात शिरता शिरता म्हणाला, “लावा तो डबा. पडतो मी.”

तात्या ओरडले, “बंडा, खुळा झालास काय रं?”

“वस्ताद, मला कुस्त्या जलमभर मिळतील. ह्यांचा डबा यकच हाय.”

तात्यांनी तोंड वळवलं. हलगीवाल्यानं हलगी मांडीखाली घातली. गणपाच्या तोंडावरचं हसूही कुठं गेलं कळलं नाही, पण ते मला पुढं आठवलं. त्या वेळी मी मंगळ्याच्या गुडघ्याला काकवी लावत होतो.

कॅमेरा फिरू लागला. मंगळ्या कडेवर येऊन उभा राहिला. त्या दिवशी त्यानं शड्डू ठोकला नाही. मास्टर अनंत पुढं झाला आणि दोन्ही तळवे त्याच्या छातीला लावले. मंगळ्यानं एक झोकांडी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग हळूहळू, तुटत्या वडासारखा, मागं कलू लागला. सोंड आभाळाकडं गेली. डोळ्यांत उन्हं चमकली. मी डोळे मिटून घेतले, कारण बापाला पोराचं पडणं बघवत नाही.

धप्प असा आवाज यायला हवा होता. तो आलाच नाही.

डोळे उघडले तर मंगळ्या अधांतरी. जमीन आणि आभाळ यांच्या मध्येच, खाटेवर टेकल्यासारखा कलून थांबलेला. पडेना आणि उठेना. मग जसा हळू गेला होता तसाच हळू वर येऊ लागला. आला, आला, आणि सरळ उभा राहिला. मास्टर अनंतला गोष्टीतलं पुढचं काही आठवेना. त्यानं आपले दोन्ही हात जोडले. तेवढ्यात तात्या वस्ताद काठी टाकून तरातरा कॅमेऱ्यापुढं आले, एका हातात मास्टर अनंतचा हात धरला, दुसऱ्या हातात मंगळ्याची सोंड धरली आणि दोन्ही उंच करून फडात ओरडतात तसे ओरडले, “सुटली!”

हलगी कडाडली आणि डबा संपला.

मी टेकाडामागं धावलो. उतारावर एक माणूस बसलेला नव्हता. सगळी गर्दी मंगळ्याच्या पाठीला चिकटली होती. म्हातारे, पोरं, तो मेंढका, एक हलगीवाला सोडून सगळे. आण्णांच्या पोत्यांवर हातच हात. पैलवानाच्या पाठीला माती लागू द्यायची नाही म्हणून ती माणसं उतारावरून वर धावली होती आणि सगळ्यांच्या हाताला काकवी लागली होती. पहिला हात कुणाचा, ते त्या गलक्यात कुणाला सांगता येईना.

पंत दोन दिवस जेवले नाहीत. मुंबईहून फिल्म धुऊन आली तेव्हा आम्ही आण्णांच्या वखारीत चादर लावून बघितली. कॅमेरा खड्ड्यात होता, त्याला मागची माणसं दिसली नव्हती. मंगळ्याच्या अजस्र देहामागं सगळं झाकलं होतं. दिसत होते फक्त पाय. मंगळ्या कलू लागतो आणि त्याच्या बुडाशी एकामागून एक पाय फुटू लागतात. अनवाणी, जोड्यातले, बारके, जाडे, ओळीनं. आणि त्या पायांवर तो परत उभा राहतो. पंत पडद्याकडे बघतच म्हणाले, “पेंटर, हे मला सुचलं असतं तर मी मुंबईतच राहिलो असतो.”

पुढं मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओतला माणूस खास भेटायला आला. कपाळावर घाम आणून विचारू लागला, एवढं धूड अधांतरी थांबवलं ते कुठल्या तारेवर, आणि पाय कसे फोडले? पंत शांतपणे म्हणाले, मंगळावरच्या प्राण्यांना अडचणीत पाय फुटतात, हे शास्त्रात आहे. तो माणूस लिहून घेऊन गेला.

पुण्यात चित्रपट आठवडाभरही टिकला नाही. लोक म्हणाले, राक्षस मरत नाही, नायक लग्न करत नाही, आणि शेवटी हा फेटेवाला म्हातारा कोण? पण आमच्या मुलखात, लोणंदपासून आटपाडीपर्यंत, तंबू थिएटरात तो असा चालला की रिळं झिजून शेवटी मंगळ्याला खराच ताप आल्यासारखा दिसू लागला. शेवट आला की अर्धा तंबू उठून उभा राहायचा. “त्यो माजा पाय!” “बाजूचा माजा!” “आरं, तुजा कसा, तू तवा मुंबईला हुतास!” एकदा तर यावरून मारामारी होऊन पडदा फाटला. आटपाडीच्या माळावर बसले होते त्याच्या दसपट लोकांनी मंगळ्याला हात लावला होता, असं तंबूंच्या हिशोबानं निघतं.

जत्रेतलं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बंडा आणि गणपा फडात उतरले. कुस्ती बराच वेळ चालली, आणि गणपानं ढाक मारून बंडाला स्वच्छ चीत केलं. पाठ पुरी मातीत. शंका घ्यायला जागा नाही. बंडा उठला, माती झाडली, तात्यांच्या पाया पडला. आम्ही सगळे हळहळलो. मी म्हटलं, एवढ्या हातांनी वाचवलेली पाठ, एका दिवसात गेली.

बंडानं चित्रपट बघितला नव्हता. आतून आभाळच दिसायचं, पडद्यावर आणखी काय बघायचं, असं तो म्हणे. अखेर वडूजला तंबू लागला तेव्हा मी त्याला ओढून नेला. तो मांडी घालून बसला. शड्डूला हसला. मेंढरं आली तेव्हा आपल्या टाचा चोळल्या. शेवट आला. मंगळ्या कलू लागला, बुडाशी पहिला पाय दिसला आणि बंडा ताठ झाला. आजूबाजूला लोक आपापले पाय सांगत ओरडत होते. बंडा गुडघ्यांवर उठून पुढं वाकला.

खेळ संपल्यावर तो मला म्हणाला, “पेंटर, ते परत दाखवाय सांग.”

मशीनवाला माझ्या ओळखीचा. शेवटचं रीळ पुन्हा लावलं. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या पुढं, मंगळ्याच्या अगदी टाचेला टाच लावून जे पाऊल रोवलं होतं, त्याच्यावर चांदीचा तोडा लखलखत होता. काळ्या-पांढऱ्या चित्रात चकाकीला किंमत असते, हे मी वर सांगितलंच आहे.

बाहेर आलो तर गणपा तंबूच्या दोरीपाशी शेंगा खात उभा. त्याचंच गाव ते. बंडा त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. दोघं मिळून एवढे रुंद होते की तिकिटाची खिडकी झाकली गेली.

“गणपा, त्या दिवशी पयला हात तुजा व्हता?”

गणपानं शेंग फोडली. “व्हता.”

“का रं? मी पडलो असतो तर तुजं काय जात व्हतं? दुसऱ्या दिशी हसत जिंकला असतास.”

गणपानं दाणे तोंडात टाकले आणि अर्ध्या शेंगा बंडाच्या हातावर ठेवल्या.

“तुला पाडायचं काम माजं हुतं गड्या. त्या गाणाऱ्याचं न्हवं.”

बंडा शेंगा खात राहिला. मग खिडकीकडं वळला, दोन तिकिटं घेतली आणि ती दोन धुडं वाकून पुन्हा तंबूत शिरली. दुसरा खेळ सुरू होत होता.